आत्मपरीक्षणाचा बडग्या

हुडकेश्वर, नागपूर
श्रावणातला सोमवार (मिनलचा उपास, म्हणून मलाही साबुदाणा)

तीर्थस्वरूप मनोहरदादाच्या पायी धाकट्या अंकुशचा नमस्कार. (वाकून म्हणवत नाही. परवा गेटची चौकट उचलताना कंबरेत उसण भरली. आता वाकलो तर तसाच राहीन आणि मिनल माझ्यावर टॉवेल वाळत घालील.) कांतावहिनींनाही नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. मिनलचा गुडघा पावसाळ्यात बोलतो, पण तिच्या मानाने कमीच बोलतो. तुझी साखर, तुझे दात आणि भिलाईच्या घरामागचं सीताफळाचं झाड, तिघांचीही खुशाली कळव.

तुझं पत्र पोचलं. आजच्या काळात कुणी चार पानं हाताने लिहून पोस्टात टाकतो म्हणजे त्याच्याकडे एक तर वेळ आहे, नाही तर दुःख. पहिली तीन पानं वाचून मला वाटलं, वेळ आहे. चौथं पान वाचलं आणि हातातली पोळी ताटात ठेवली. तू लिहितोस की रिटायर झाल्यापासून रोज गॅलरीत खुर्ची टाकून आयुष्याचं आत्मपरीक्षण करतो आहेस आणि उत्तर शून्य येतं आहे. सारी नोकरी रोलिंग मिलच्या आवाजात गेली, त्या आवाजात स्वतःचा विचार कधी ऐकूच आला नाही, आता शांत झालं आहे आणि कान देऊन ऐकावं तर आत काहीच नाही. वर मलाही उपदेश केला आहेस की ज्याने स्वतःकडे पाहिलं नाही त्याचं जगणं वाया, तूही एकदा बसून पाहा.

दादा, मी बसून पाहिलं आहे. गेल्याच वर्षी. तुला कळवलं नाही, कारण ते कळवण्यासारखं झालं नाही. पण तुझं हे शून्य काही माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो.

तुला माहीत आहे, दहावीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, पण शिकणं सोडलं नाही. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही. कुलरचा पत्रा कापायला, पाट्यांची अक्षरं रंगवायलाही कुणी शिकवलं नाही. (लोक म्हणतात, ते दिसतंच. लोकांचं मत लोकांपाशी.) सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, त्यातून मी माझं शिक्षण पुढे चालू ठेवलं आहे. तिथेच एक पुस्तक मिळालं. सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळे कोणत्या विद्वानाने लिहिलं ते कळायला मार्ग नाही. त्यात हेच होतं, तुझ्या चौथ्या पानावरचं. माणसाने एकांतात बसून आपले दोष शोधावेत, त्यावाचून जन्म फुकट. मी म्हटलं, जन्म फुकट जायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर चटई टाकली, कठड्याला बरोबर समांतर, आणि दोष शोधायला बसलो.

दोष पुष्कळ सापडले. कठडा मिस्त्रीने एका बाजूला उतरता बांधला आहे. टाकीचा व्हॉल्व्ह गळतो. शेजारच्या नानाजींच्या गच्चीवरची डिश चुकीच्या दिशेला तोंड करून आहे आणि म्हणूनच ते बातम्यांचा आवाज एवढा मोठा ठेवतात. माझा मात्र एकही सापडला नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, निष्कर्ष म्हणून सांगतो. खाली उतरलो तर मिनल चहा गाळत होती. म्हणाली, "सापडलं का काही? नसन सापडलं तं मले विचारा. चहा गाळेपर्यंत सांगून होते." मी म्हटलं, हे शास्त्र आहे, यात बाहेरच्याची साक्ष चालत नाही. ती म्हणाली, "मी बाहेरची काहून?" आणि चहात साखर घालायची विसरली. (विसरली असं मी धरून चालतो.)

असं चालू असताना पोळा जवळ आला. तुला आपली इतवारीमागची गल्ली आठवते का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून कुणी घरात ठरत नसे. (तुझी सून रायपूरची. तिला वाचून दाखवशील तेव्हा एवढं सांग: त्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबत म्हणजे बांबू-कागदाची भली मोठी बाई, एक काळी आणि एक पिवळी. त्यांच्या संगतीने गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे तसेच पुरुषी पुतळे. वर्षभरात ज्याने छळलं त्याचा बडग्या करायचा, मिरवायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून गळा फाडायचा आणि शेवटी नेऊन जाळायचा. एवढी स्वस्त आणि सोयीची व्यवस्था दुसऱ्या कोणत्या शहरात नाही.) आपल्या बडग्याचे डोळे रंगवायचं काम तुझं असे. तू ते नेहमी सगळ्यात शेवटी काढायचास आणि डोळे काढले की काकाचा कुत्रा त्याच्यावर भुंकायला लागायचा. पिठाच्या खळीचा तो आंबूस वास, हाताला चिकटलेला कागद, त्याच हाताने खाल्लेली पुरणपोळी. हल्ली पुरणपोळी तशीच होते, पण वास येत नाही. कागद कमी पडतो बहुतेक.

तर मुद्दा असा. आपल्या हुडकेश्वरच्या गल्लीतही आता एक छोटा बडग्या निघतो आणि गल्ली वसली तेव्हापासून सांगाडा मीच करतो. कधी डेंगूचा, कधी खड्ड्यांचा, एकदा कुत्र्यांचा. माझ्या मनात आलं, हे सगळे दुसऱ्यांचेच दोष. आपण दरवर्षी मारबतीला दुसऱ्यांचं सामान देतो, स्वतःची एक पिशवीसुद्धा नाही. यंदा बडग्या आपल्या स्वतःच्या दोषांचा करायचा. पुस्तकातलं शास्त्र आणि नागपूरची रीत, दोन्हींचा मी असा सांधा जुळवला. वेल्डिंगवाल्याला सांध्याचं फार.

मग घरोघर गेलो, प्रत्येकाचा एकेक दोष मागायला. पहिलं घर धोंडबाचं. (एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर. गल्लीतून पायी चालतानाही वळणावर हात दाखवतो.) तो म्हणाला, "माहा दोष? मी लय सरळ हाओ गा. सरळ माणसाचं या दुनियेत काही खरं नाही." कोपऱ्यावरच्या प्रयागबाई म्हणाल्या, "मले राग येत नाही बाप्पा. येवाले पाहिजे. या सुनेवर तं पाहिजेच पाहिजे." तेवढ्यात आत स्वयंपाकघरात गंज पडल्याचा आवाज झाला, तर त्यांनी तिकडे न बघता अशी काही शिवी घातली की मीच दोन पायऱ्या खाली आलो. नानाजी म्हणाले, "मी माणसावर पटकन विश्वास ठेवतो, इथंच मी मार खाल्ला." हे त्यांनी दाराची साखळी न काढता, फटीतून सांगितलं. मोबाईलच्या दुकानातला बंटी म्हणाला, "काका, मले कोणाले नाही म्हणता येत नाही." मी म्हटलं, मग उद्या बांबू उतरवायला ये. म्हणाला, "नाही, उद्या नाही जमत."

थोडक्यात, दोष म्हणून जे मिळालं ते सगळे गुण होते. शेजाऱ्याचा दोष विचारला की मात्र बर्डीच्या सेलमध्ये माल निघावा तसा निघत होता. आणि प्रत्येक दारातून निघताना मला एकच प्रश्न: तुमचा कोणता? मी खरं तेच सांगितलं, मी तपासणी केली आहे, अजून सापडलेला नाही. धोंडबा यावर इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाणी पाजावं लागलं. तेव्हा मला ते त्याच्या वयामुळे वाटलं.

दोनच दिवसांनी सगळे एकत्र माझ्या वेल्डिंगच्या शेडवर आले. धोंडबा म्हणाला, "अंकुश, तुह्यासारखा सांगाडा कोणाले जमत नाही. तू सांगाडा कर, तोंड आन् कपडे आम्ही पाहून घेतो. दोषही आम्हीच ठरवून राहिलो." मी खूश. गल्ली विचार करायला लागली, याहून काय पाहिजे?

सांगाड्यात मी कसर ठेवली नाही. बांबू हिरवा, एकाही गाठीला चीर नाही. छातीची कडी गोल, खांदे काटकोन तपासायचा गुण्या लावून सरळ केले. (बडग्याचे खांदे कुणी गुण्या लावून करत नाही हे मला माहीत आहे. मी करतो.) खळीत मोरचूद घातला, म्हणजे कीड लागत नाही. जो पुतळा आठवड्यात जळणार त्याला कीड कशी लागेल, असं बंटीने विचारलं. मी त्याला म्हटलं, काम ते काम. मधून मधून त्यांच्या बाजूलाही फेरी मारत होतो. बंटी कागद चुरगाळत होता, त्याला म्हटलं, असं नाही, असं. प्रयागबाई फेट्याला घड्या घालत होत्या, त्यांना म्हटलं, असं नाही, असं. धोंडबाच्या हातातून तर कात्रीच घेतली. मी फक्त दाखवत होतो. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मला वाटलं, पटलं.

मग त्यांनी बडग्याच्या पोटावरची पाटी रंगवायला मजकूर दिला: 'ज्याच्यात त्याच्यात "असं नाही, असं" म्हणणाऱ्याले घेऊन जा गे मारबत.' दादा, मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, गल्लीला अखेर नानाजी ओळखू आले. कॉलनीच्या मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत ते. मी माझा सगळ्यात बारीक ब्रश काढला, लाल अक्षरांना पिवळी सावली दिली, वेलांट्यांना शेपट्या काढल्या. आजवर मी दुकानांच्या, दवाखान्यांच्या, एका पिठाच्या गिरणीच्याही पाट्या रंगवल्या, पण इतकी सुबक पाटी माझ्या हातून झाली नव्हती.

मिरवणुकीच्या सकाळी कापड काढलं आणि ढोल सुरू झाला. बडग्या झकास. एक बोट वर, कानावर पेन्सिल, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा नाकावर, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा गुण्या. गुण्या पाहून मला शंका यायला पाहिजे होती. पण मी म्हटलं, नानाजींकडे कुठून गुण्या, कलाकाराने थोडी मोकळीक घेतली असेल. आणि नाचलो. किती वर्षांनी नाचलो सांगू, आपल्या इतवारीमागच्या गल्लीतला शेवटचा बडग्या निघाला त्यानंतर पहिल्यांदा. सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे मी नाही, व्हिडिओ सांगतो. नानाजी बाजूलाच चालत होते. मला त्यांची दया आली. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, नानाजी, मनावर घेऊ नका. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मी काहून घेऊ बाप्पा?"

तेवढ्यात मिनल गर्दीतून जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "जुना चष्मा शोधून राहिले होते ना तुम्ही? तो पाहा."

चष्मा माझा होता. डाव्या दांडीला गुंडाळलेली तांब्याची तार मी स्वतः गुंडाळली होती, वेढ्याला वेढा लावून. मी विचारलं, तू दिला? ती म्हणाली, "मागाले आले, मी म्हटलं न्या. मी तं तुमचा शर्टही देऊन राहिले होते, त्यांनीच नाही घेतला."

माणसाने अशा वेळी काय करावं ते त्या पुस्तकात नाही. (कदाचित फाटलेल्या पानांत असेल.) ढोल काही थांबत नाही. सगळी गल्ली ओरडते आहे आणि आपण मध्ये, हात अजून वर. मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? मान. सांगाड्याची मान हलते का ते. हलत नव्हती.

नाल्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर बडग्या उभा केला. बंटी काडी ओढणार तेवढ्यात धोंडबा म्हणाला, "थांबा गा. याच्यात नंबर हाय." तो स्टुलावर चढला, बडग्याच्या नाकावरचा चष्मा काढला, दुपट्ट्याला पुसला आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला. मी तो डोळ्यांवर चढवला. समोर बंटी कापूर लावत होता, तो नेमका वाऱ्याच्या उलट्या बाजूला. आणि दादा, माझ्या तोंडून निघून गेलं: असं नाही, असं.

ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली. मग प्रयागबाईंनी तोंडाला पदर लावला, त्यांच्या खांद्यांवरून कळलं की त्या हसताहेत. मग नानाजी, मग सगळेच. मीही हसलो. बंटीने मात्र कापूर मी सांगितला तिथेच लावला आणि बडग्या एका काडीत पेटला. शेवटपर्यंत सरळ उभा होता. कागद गेला, कापड गेलं, पण खांदे काटकोनातच.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आत्मपरीक्षण केल्याशिवाय आयुष्य वाया जातं का? माझं मत असं, की परीक्षण पाहिजे, पण ते ज्याचं त्याने करावं याबद्दल मला दाट शंका आहे. माझी आई, म्हणजे तुझी काकू, घे. ती आयुष्यात एकदाही एकांतात बसली नाही, आपल्या त्या घरात एकांत होताच कुठे? पितळी डबे घासताना ती विचार करत असेल तर डब्यांचाच. तिचं जगणं वाया गेलं असं त्या विद्वानाने माझ्या तोंडावर येऊन सांगावं, मी त्याला साबुदाणा खाऊ घालून परत पाठवीन. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. आरसा समोर धरला तरी दिसतं ते तोंडच, तेही आपण जरा नीट करून बघतो. पाठ बघायला मागे कुणी तरी लागतं.

मी गच्चीवर एकटा बसलो तर माझ्यात दोष शून्य निघाले. तू गॅलरीत एकटा बसलास तर तुझ्यात गुण शून्य निघाले. दोन्ही उत्तरं एकाच चुकीच्या रीतीने काढली आहेत. माझं उत्तर गल्लीने तपासलं आणि चूक निघालं. तुझं अजून कुणी तपासलेलं नाही. ते मी तपासतो.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. तू मला खांद्यावर घेतलं होतंस. वळणावरून काळी मारबत आली आणि मी घाबरून तुझे दोन्ही कान धरले. लोक महागाई घेऊन जा म्हणत होते, साथ घेऊन जा म्हणत होते, पुढाऱ्यांची नावं घेत होते. तू एकटा ओरडत होतास, "काकूचा खोकला घेऊन जा गे मारबत." माझ्या आईला त्या वर्षी रात्र रात्र झोप नव्हती. घरातल्या मोठ्यांनी तो खोकला ऐकणं सोडून दिलं होतं. तुझ्या छातीवर माझे पाय होते, तू ओरडलास की ते माझ्या पायांना कळायचं. अजून कळतं. हे तू तुझ्या बेरजेत घेतलंस का? आणि आपल्या गल्लीतली पोरं आयटीआय करून भिलाईला आली की त्यांची पहिली वळकटी कुणाच्या घरात पडायची? एकाला कँटीनचं जेवण सोसलं नाही, तर वहिनींनी वर्षभर त्याचा डबा भरला आणि तू तो सायकलला लावून नेलास. त्याने आता स्वतःच्या मुलीचं नाव कांता ठेवलं आहे, मला गेल्या महिन्यात इथे महाल भागात भेटला तेव्हा सांगत होता. तुला तो आठवतही नसेल. आठवणार कसा? तू तेव्हा स्वतःकडे बघत नव्हतास, त्याच्याकडे बघत होतास. रोलिंग मिलचा आवाज होता म्हणून तुला स्वतःचा विचार ऐकू आला नाही, हे बरंच झालं. आम्हाला तू ऐकू येत होतास.

माझ्यात फरक पडला का, असं विचारशील. तोंडाशी आलेलं ते वाक्य गिळायला शिकतो आहे. ते मला कुणी शिकवत नाही, मीच शिकतो आहे, त्यामुळे वेळ लागतो. परवा शेडवरच्या कारागिराने खिडकीची जाळी वाकवली ती एका कोपऱ्यात फुगली होती. मी काही बोललो नाही, पाणी पिऊन आलो. जाळी बसली. फुगलेलीच बसली, पण बसली.

फार लिहिलं. तुझ्या तब्येतीला जप, गोळ्या वेळेवर घे, वहिनींना आमची आठवण सांग आणि सीताफळं पिकायच्या आधी राघूंना देऊन टाकू नकोस.

तुझाच,
अंकुश

ता. क. वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, जेवताना बोलत नाहीत, भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्याने खातात, मी मुद्दाम दोनदा घातलं नाही. मला भीती वाटते, भाऊजी, तुम्ही काही तरी लिहा, पण मी फोन केला हे त्यांना सांगू नका. म्हणून मी ते वर कुठे सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. वर लिहिलं आहे की मीही हसलो. हसलो ते खरं. पण नंतर दोन दिवस शेड उघडली नाही, मला ताप आहे म्हणून मिनलला सांगितलं. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि काढा करून दिला. त्या दुपारी मी तुला फोन लावला होता. तू म्हणालास, बोल. मी तुला भिलाईत पाऊस कसा आहे ते विचारलं. तू नुकताच रिटायर झाला होतास. तूही पावसाबद्दलच बोललास. आपण दोघे चांगला अर्धा तास पावसाबद्दल बोललो.

ता. क. तिसरा, आणि कामाचा हाच. परवा गल्लीवाले आले होते, यंदाचा सांगाडा मी करणार का ते विचारायला. मी अजून हो म्हटलेलं नाही. बांबू बांधताना दुसऱ्या टोकाला कुणी तरी लागतं, जो धरून ठेवील आणि वाकडं झालं तर वाकडं झालं म्हणेल. इथे धरणारे आहेत, पण गेल्या वर्षीपासून सगळे माझ्याशी जपून बोलतात, वाकड्यालाही छान म्हणतात. तशाने सांगाडा होत नाही. मी त्यांना सांगून टाकलं आहे की भिलाईहून माझा मोठा भाऊ येतो आहे, तो आला की बांबू आणू. पोळ्याच्या आधी दोघेही या. यायचं की नाही यावर गॅलरीत बसून विचार करू नकोस. करायचाच असेल तर गाडीत बसल्यावर कर, गोंदियापर्यंत होऊन जातो.